पहिला गेमिंग पीसी : कोटेशनच्या चिठ्ठीपलीकडे

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनवर उतरून लॅमिंग्टन रोडच्या एखाद्या दुकानात जा, किंवा तालुक्याच्या गावातल्या कॉम्प्युटरवाल्याकडे जा. ‘गेमिंगसाठी पीसी बनवायचाय’ म्हटलं की दोन मिनिटांत एक चिठ्ठी हातात येते. आय फाइव्ह, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५१२ एसएसडी, ४५० वॉट एसएमपीएस, आरजीबी कॅबिनेट. खाली एकच रक्कम. बारावी झालेली मुलगी किंवा मुलगा ती चिठ्ठी घरी आणतो, वडील ‘अभ्यासालाही चालेल ना?’ एवढं विचारतात आणि व्यवहार ठरतो.

या चिठ्ठीतला एकही शब्द खोटा नसतो, तरी तिच्यावरून पीसीबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही. ‘आय फाइव्ह’ हे नाव इंटेल २००९पासून वापरतं आहे. तिसऱ्या पिढीचा आय ५-३४७० हा २०१२ सालचा प्रोसेसर. तो आणि त्याच्यासाठी आजही नव्या खोक्यात येणारे एच६१ मदरबोर्ड बाजारात सर्रास मिळतात. चिठ्ठीवर तोही आय फाइव्हच. विंडोज ११साठी मायक्रोसॉफ्टने साधारण आठव्या पिढीपासूनचे इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय अशी अट घातली आहे, आणि विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. म्हणजे असा ‘नवा’ पीसी घरी येतो तेव्हाच मुदतबाह्य झालेला असतो. ‘४ जीबी ग्राफिक्स कार्ड’ हे २०१४ सालचं जीटी ७३० असू शकतं. त्यात ४ जीबी मेमरी खरोखर असते, पण ती संथ डीडीआर३ असते आणि चिप इतकी दुबळी की आजचा कुठलाही मोठा गेम तिला पेलत नाही. ४५० वॉट हा आकडा तर एसएमपीएसच्या, म्हणजे वीजपुरवठ्याच्या, डब्यावर कोणीही छापू शकतो.

पहिल्यांदा पीसी जुळवणाऱ्याने प्रत्येक पार्ट दोन प्रश्नांवर तपासावा असं मला वाटतं. हा पार्ट माझ्याकडे किती वर्षं राहणार? आणि तो बिघडला तर एकटाच जाईल, की सोबत दुसऱ्यांनाही घेऊन जाईल? ग्राफिक्स कार्ड चार-पाच वर्षांत बदलावंसं वाटणारच. मॉनिटर, कॅबिनेट आणि चांगला एसएमपीएस मात्र आठ-दहा वर्षं सहज टिकतात, पुढच्या दोन कार्डांना पुरतात. चिठ्ठीत पैशाची वाटणी बरोबर उलटी झालेली असते. ज्याचं नाव मोठ्या अक्षरात लिहिता येतं त्यावर खर्च, आणि ज्याचं नाव ग्राहक विचारत नाही तिथे काटकसर. एसएमपीएस, मदरबोर्ड आणि रॅमच्या कांड्यांची संख्या या तीन जागी चिठ्ठी बहुतेक वेळा गप्प असते.

वेगवेगळ्या कंपन्यांचे पार्ट एकत्र बसतात हे आपण गृहीत धरतो, पण त्यामागे इतिहास आहे. आयबीएमने १२ ऑगस्ट १९८१ला आपला पर्सनल कॉम्प्युटर आणला तो बाहेरच्या कंपन्यांचे तयार भाग वापरून आणि त्याची रचना खुली ठेवून. त्यामुळे सुसंगत यंत्रांचा बाजारच उभा राहिला. पुढे १९९५मध्ये इंटेलने एटीएक्स हे मापाचं प्रमाण दिलं. मदरबोर्डाची स्क्रूची भोकं कुठे, मागच्या पोर्टांची खिडकी केवढी, एसएमपीएसचं माप काय, हे सगळं त्यात आलं. तीस वर्षांनंतरही आजचा मायक्रो-एटीएक्स बोर्ड आणि कॅबिनेट बहुतांशी त्याच मापांत बोलतात. म्हणूनच पंधरा वर्षांची मुलगी घरच्या टेबलावर पीसी जोडू शकते.

निवड सुरू करायची ती मॉनिटरपासून. दुकानात तो शेवटी, उरलेल्या पैशांत घेतला जातो; पण ग्राफिक्स कार्डाला काम किती पडणार हे मॉनिटरच ठरवतो. १९२०×१०८० म्हणजे साधारण २०.७ लाख पिक्सेल. २५६०×१४४० म्हणजे ३६.९ लाख, म्हणजे पावणेदोन पटींहून थोडं जास्त. फोर-के म्हणजे ८२.९ लाख, सरळ चौपट. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर प्रत्येक फ्रेम काढायला कार्डाला १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हव्या असतील तर जेमतेम ७. हे गणित एकदा कळलं की ‘सगळ्यात चांगलं कार्ड कोणतं’ हा प्रश्न आपोआप गळून पडतो. २४ इंची, १०८०पी, १४४ किंवा त्याहून जास्त हर्ट्झचा आयपीएस मॉनिटर हा पहिल्या पीसीसाठी सर्वांत समंजस मुक्काम आहे. २७ इंच घ्यायचा असेल तर १४४०पीच घ्यावा, कारण त्या आकारात १०८०पीची अक्षरं फिसकटलेली दिसतात आणि पीसीवर अभ्यासही करायचा असतो.

खेळ कोणते, हा दुसरा प्रश्न. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ असे स्पर्धेचे खेळ खेळणाऱ्याला ग्राफिक्स कार्डापेक्षा प्रोसेसर जास्त लागतो, कारण तिथे चित्र साधं असतं आणि फ्रेम खूप हव्या असतात. सायबरपंक २०७७सारख्या खेळांत पारडं फिरतं, सगळा भार कार्डावर येतो. आता तर काही खेळ जुन्या कार्डांना दारातच अडवतात. इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल (डिसेंबर २०२४) आणि डूम: द डार्क एजेस (मे २०२५) यांना रे-ट्रेसिंगचं (प्रकाशाचे किरण हिशेबाने काढण्याचं) हार्डवेअर सक्तीचं आहे. जीटीएक्स १६६० किंवा आरएक्स ५८० कितीही स्वस्तात मिळालं तरी त्या खेळांसाठी ते बाद. आधी आपले तीन-चार खेळ कागदावर लिहावेत, मग दुकान गाठावं.

आता ग्राफिक्स कार्ड. गेमिंग पीसीच्या खर्चातला पस्तीस-चाळीस टक्के हिस्सा इथे जातो आणि जायलाही हवा. सध्याचा मोठा वाद आहे ८ जीबी मेमरी पुरते की नाही याचा. या वादाचं मूळ कन्सोलमध्ये आहे. नोव्हेंबर २०२०मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्समध्ये १६ जीबी सामायिक मेमरी होती, पण सुरुवातीची दोन-अडीच वर्षं बहुतेक खेळ जुन्या कन्सोलसाठीही निघत असल्याने ती पूर्ण वापरली जात नव्हती. २०२३मध्ये जुने कन्सोल मागे पडू लागले आणि हॉगवर्ट्स लेगसी, द लास्ट ऑफ अस पार्ट वनसारखे खेळ पीसीवर आले तेव्हा ८ जीबीची कार्डं धापा टाकू लागली. मेमरी भरली की कार्ड उरलेला माल पीसीच्या रॅममध्ये ठेवतं. ओट्यावर जागा उरली नाही म्हणून दर फोडणीला माळ्यावरून डबा काढावा, तसं ते होतं. सरासरी फ्रेम ठीक दिसतात, पण मधूनच खेळ अडखळतो, किंवा भिंतींवरची चित्रं मेणासारखी वितळलेली दिसतात.

इथे एक बारीक गोष्ट चिठ्ठीत कधीच नसते. आरटीएक्स ४०६० आणि ५०६०सारखी कार्डं पीसीआय-ई स्लॉटच्या सोळांपैकी आठच लेन, म्हणजे माहिती ये-जा करण्याच्या वाटा, वापरतात. बोर्ड नवा असेल तर फरक पडत नाही. पण पीसीआय-ई ३.० असलेल्या जुन्या बोर्डावर मेमरी ओसंडली की ती वाट आणखी अरुंद होते आणि अडखळणं वाढतं. २०२२च्या आरएक्स ६५०० एक्सटीला तर चारच लेन होत्या. जुन्या पीसीत नवं कार्ड टाकून भागवणाऱ्यांना, म्हणजे ज्यांना स्वस्त कार्डाची खरी गरज होती त्यांनाच, त्याचा फटका बसला.

माझं मत सरळ आहे. फक्त स्पर्धेचे खेळ खेळायचे असतील तर ८ जीबी आज चालेल. गोष्टीचे मोठे खेळ चार वर्षं खेळायचे असतील तर १२ किंवा १६ जीबीचं कार्ड घ्यावं, त्यासाठी प्रोसेसर एक पायरी खाली आणावा लागला तरी. इंटेलचं आर्क बी५८० (१२ जीबी, डिसेंबर २०२४), एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी आणि एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० टीआय ही या पट्ट्यातली नावं. त्यातल्या शेवटच्या दोन कार्डांबाबत डोळे उघडे ठेवा, कारण दोन्ही ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत एकाच नावाने विकली जातात. आरटीएक्स ३०५०चं तर ६ जीबीचं रूप फेब्रुवारी २०२४मध्ये आलं, त्यात मेमरीबरोबर चिपही कापलेली आहे आणि नाव तेच. तरीही त्याची एक जागा आहे. ते ७० वॉटवर चालतं, त्याला वेगळी पॉवर केबल लागत नाही, त्यामुळे ऑफिसच्या जुन्या पण बऱ्या पीसीचा गेमिंग पीसी करायला ते उपयोगी पडतं. बी५८० घेणाऱ्याने मदरबोर्डात रिसायझेबल बार ही सोय सुरू आहे का हे पाहावं, आणि प्रोसेसरही फार जुना नसावा. तो जुना असेल तर या कार्डाचा दम निघतच नाही.

डीएलएसएस आणि एफएसआरबद्दल जाहिरातीत मोठे आकडे असतात. कमी पिक्सेलचं चित्र काढून ते मोठं करायचं, हे तंत्र आता खरोखर चांगलं झालं आहे. मात्र १०८०पीवर ‘क्वालिटी’ मोडमध्येही आतलं चित्र ७२०पीचंच असतं, त्यामुळे १४४०पीवर त्याचा निकाल जास्त उजवा दिसतो. दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये बनवलेल्या फ्रेम घालण्याचं तंत्र वेगळं. त्याने हालचाल गुळगुळीत दिसते, पण माऊस दाबल्यापासून गोळी सुटेपर्यंतचा वेळ घटत नाही, उलट किंचित वाढतो. मुळात ६० फ्रेम मिळत असतील तेव्हाच ते वापरावं. कार्डाची तुलना करताना या बनवलेल्या फ्रेम मोजलेल्या तक्त्यांवर विसंबू नये.

प्रोसेसरची निवड मला खरं तर सॉकेटची, म्हणजे बोर्डावर तो बसतो त्या जागेची, निवड वाटते. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर २०१७मध्ये पहिले रायझन आले. त्या काळच्या कित्येक बोर्डांवर नुसतं बायोस अपडेट करून २०२२चा रायझन ७ ५८००एक्स३डी बसवता आला. पाच वर्षांत पीसीचा सांगाडा तोच राहिला आणि गेमिंगचा वेग कितीतरी वाढला. सप्टेंबर २०२२मध्ये आलेल्या एएम५लाही २०२७पर्यंत आणि पुढे आधार देण्याचं एएमडीने जाहीर केलं आहे. इंटेलच्या एलजीए १७००वर बारावी ते चौदावी पिढी आली आणि ऑक्टोबर २०२४मध्ये नवं सॉकेट आलं. म्हणून ज्याला पुढे वाढत जायचं आहे त्याने रायझन ५ ७६०० किंवा त्याच्या आसपासचा प्रोसेसर आणि बी६५० किंवा बी८५०चा बोर्ड घ्यावा, असं मी सुचवेन. ज्याचं बजेट अगदीच ताणलेलं आहे त्याला आय ५-१२४००एफ किंवा रायझन ५ ५६०० आजही निराश करणार नाहीत. दोन्हीत सहा कोर, बारा थ्रेड आहेत आणि मध्यम कार्डाला ते पुरतात. फक्त ५६०० सांगून ५५०० गळ्यात मारलं जात नाही ना, हे बघा. आकडा शंभरनेच कमी असला तरी ५५००मध्ये कॅश निम्मी आहे आणि पीसीआय-ई ३.० आहे.

इंटेलच्या नावामागे ‘एफ’ असेल तर त्यात आतलं ग्राफिक्स नसतं. पैसे वाचतात, पण कार्ड दुरुस्तीला गेलं की महिनाभर पीसी आंधळा. याच्या उलट रायझन ५ ८६००जी घेऊन कार्डाशिवाय सुरुवात करण्याचा एक रस्ता आहे. हलके खेळ त्यावर चालतात आणि वर्षभराने पैसे साठले की कार्ड घेता येतं. ज्या घरात एकरकमी खर्च शक्य नाही तिथे हा रस्ता मला मनापासून आवडतो. तेरावी-चौदावी पिढी सेकंडहँड घेणाऱ्याने आणखी एक माहीत करून घ्यावं. त्यातले बरेच प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे कायमचे अस्थिर होत होते. इंटेलने ऑगस्ट २०२४मध्ये त्यावर बायोस अपडेटमधून येणारा मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बायोस अपडेट न करता वापरलेला प्रोसेसर घेणं म्हणजे त्या दोषासकट घेणं. आणि प्रोसेसर नवा असला तरी ‘बॉक्स पीस’ आहे की ‘ट्रे पीस’, हे विचारा. ट्रे पीस स्वस्त असतो, पण त्याला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी बहुधा नसते, दुकानदाराचा शब्द असतो.

मदरबोर्डावर उगाच खर्च करू नये. आपल्या प्रोसेसरला तो बायोस अपडेट न करता ओळखतो का, रॅमचे स्लॉट किती, एम.२च्या जागा किती, आणि प्रोसेसरजवळच्या वीजपुरवठ्याच्या भागावर हीटसिंक आहे का, एवढं पाहिलं की पुरे. आमच्याकडच्या उन्हाळ्यात शेवटची गोष्ट जास्त महत्त्वाची ठरते.

रॅमचा विषय एरवी चार ओळींत संपला असता. दोन कांड्यांची जोडी घ्या, एकच कांडी घेतली तर मेमरीची अर्धी वाट बंद राहते, एएम५वर डीडीआर५-६००० घ्या, झालं. पण २०२५च्या उत्तरार्धापासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा बाजार गिळला आहे. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन यांची उत्पादनक्षमता जास्त नफ्याच्या मेमरीकडे वळली, किरकोळ बाजारात रॅमच्या किमती दुपटीच्याही पुढे गेल्या, आणि डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉनने क्रुशल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. पहिला पीसी बांधणाऱ्या विद्यार्थ्याचा यात काहीही संबंध नसताना भुर्दंड त्याच्या माथी बसतो, याचं मला वाईट वाटतं. अशा वेळी ३२ जीबीचा हट्ट सोडून ८-८च्या दोन कांड्या, म्हणजे १६ जीबी घ्यावी. नंतर आणखी दोन कांड्या भरू, हा विचार एएम५वर जपून करावा. रायझन ७०००साठी एएमडीचा अधिकृत वेग दोन कांड्यांना ५२०० आणि चार कांड्यांना ३६०० आहे. घरात डीडीआर४ची चांगली जोडी पडलेली असेल, तर तिच्याभोवती एएम४ किंवा एलजीए १७००चा पीसी उभारणं आज शहाणपणाचं ठरू शकतं.

एसएसडीबाबत थोडक्यात. एम.२ एनव्हीएमई घ्या, १ टीबी घ्या. ५१२ जीबीमध्ये विंडोज आणि तीन-चार मोठे खेळ झाले की जागा संपते, कारण शंभर जीबीचा खेळ आता नवलाचा राहिलेला नाही. पीसीआय-ई ५.०च्या महागड्या ड्राइव्हने खेळात डोळ्यांना जाणवेल असा फरक पडत नाही.

एसएमपीएसवर मात्र थांबायला हवं, कारण चिठ्ठीतला सर्वांत धोकादायक शब्द तोच आहे. कॅबिनेटसोबत ‘फ्री’ मिळणारा एसएमपीएस बिघडताना मदरबोर्ड, कार्ड, ड्राइव्ह असं कोणालाही सोबत नेऊ शकतो. ‘८० प्लस’च्या शिक्क्याबद्दल मोठा गैरसमज आहे. ब्राँझ, गोल्ड हे भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती पीसीपर्यंत पोचते त्याचं माप आहे. आतल्या कपॅसिटरचा दर्जा, शॉर्टसर्किट झालं तर वेळेवर बंद पडण्याची व्यवस्था, यांबद्दल ते काही सांगत नाही. शिवाय ती चाचणी साधारण २३ अंश तापमानात होते. अकोला, चंद्रपूर किंवा जळगावच्या मे महिन्यात कॅबिनेटच्या आत काय परिस्थिती असते, याचा अंदाज आपला आपण करावा. म्हणून वॉटांपेक्षा वॉरंटीची वर्षं बघावीत. पाच ते दहा वर्षांची वॉरंटी देणारा उत्पादक आपल्या मालाबद्दल काहीतरी सांगत असतो. रायझन ७६०० आणि ५०६०सारख्या कार्डाचा पीसी खेळताना अडीचशे-तीनशे वॉटच्या आसपास वीज घेतो, त्यामुळे चांगला ५५० वॉट पुरतो. ६५० घेतला तर पुढच्या कार्डाचीही सोय होते. आणि मॉड्युलर एसएमपीएस बदलताना जुन्या केबल कधीही ठेवू नका. पीसीच्या बाजूचं टोक सारखं दिसतं, एसएमपीएसच्या बाजूला तारांचा क्रम कंपनीगणिक वेगळा असतो, आणि चुकीची केबल हार्ड डिस्क क्षणात जाळते.

विजेचा प्रश्न एसएमपीएसच्या डब्यापाशी संपत नाही. जुन्या चाळीत, वाड्यात किंवा गावच्या घरात पीसीच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात. बरेचजण म्हणतात पीसी खराब आहे. खरं कारण बहुधा भिंतीत असतं. एसएमपीएसमधल्या फिल्टरचे कपॅसिटर किंचित वीज कॅबिनेटच्या पत्र्याकडे सोडतात आणि ती अर्थिंगच्या तारेतून निघून जाणं अपेक्षित असतं. अर्थिंगच नसेल तर ती तुमच्यातून जाते. हजार रुपयांच्या आसपास खर्च करून इलेक्ट्रिशियनकडून त्या प्लगचं अर्थिंग तपासून घेणं, हा कुठल्याही आरजीबी पंख्यापेक्षा मोलाचा खर्च आहे. यूपीएसचंही तसंच. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो. पीसी आणि मॉनिटर मिळून खेळात त्या हद्दीला टेकतात, आणि लाइट गेली की यूपीएस सांभाळायच्या ऐवजी स्वतःच बसतो. हजार-अकराशे व्हीए घ्यावा. रोज चार तास खेळलं तर ३०० वॉटच्या हिशेबाने महिन्याला ३६ युनिट होतात. महावितरणच्या बिलात शंभर आणि तीनशे युनिटला दराची पायरी बदलते. घर त्या पायरीच्या काठावर असेल तर बिल का वाढलं, हे आईवडिलांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

कॅबिनेट निवडताना पुढून काच असलेली देखणी पेटी टाळावी आणि जाळीची घ्यावी. पंखे पुढून हवा आत घेतात. समोर काच असेल तर ते काचेशीच झटापट करत बसतात. परदेशी चाचण्या बावीस-पंचवीस अंशांच्या खोलीत होतात. खोली ४० अंशांची असेल तर कार्डाचं तापमानही जवळपास तेवढ्याच फरकाने वर जातं. पुढे दोन, मागे एक असे तीन पंखे आणि धुता येणारी जाळी, इतकं असलं की भागतं. विदर्भात खिडकीतल्या कूलरच्या थेट झोतात पीसी ठेवू नये, कारण ती हवा थंड असली तरी ओलसर असते आणि धूळ चिकटवते. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात पीसी आठवडेच्या आठवडे बंद ठेवण्यापेक्षा अधूनमधून तासभर चालू ठेवावा. आतली ऊब दमटपणा धरू देत नाही.

सेकंडहँड कार्डाकडे तिरस्काराने पाहू नये. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियम या क्रिप्टोचलनाने आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवरचं त्याचं मायनिंग एका दिवसात थांबलं. तेव्हापासून वापरलेल्या कार्डांचा पूर आला. चांगली कार्डंही त्यात आहेत. पण ‘आरएक्स ५८०’ म्हणून जे विकलं जातं ते पुष्कळदा २०४८एसपी हे कापलेलं रूप असतं, प्रत्यक्षात ५७०च्या तोडीचं. विकणाऱ्याच्या घरी जाऊन अर्धा तास जड खेळ चालवून बघणं, प्रत्येक डिस्प्ले पोर्टात केबल लावून बघणं आणि मूळ बिल मागणं, हे तीन केल्याशिवाय पैसे देऊ नयेत. सेकंडहँड एसएमपीएस मात्र मी कोणालाच सुचवणार नाही.

खरेदीचा व्यवहारही पार्टांइतकाच महत्त्वाचा. ‘बिलाशिवाय घेतलं तर अठरा टक्के कमी’ ही सूचना हमखास येते. तो जीएसटी वाचवला की सिरीयल नंबर लिहिलेलं पक्कं बिलही जातं, आणि पार्ट बिघडला की सर्व्हिस सेंटर पहिल्यांदा तेच मागतं. दुकानदार ज्याला आरएमए म्हणतात ते वॉरंटीत पार्ट दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचं काम आपल्या शहरात होतं की पार्ट मुंबईला पाठवावा लागतो, हे कार्ड घेण्याआधी विचारावं. सोलापूर किंवा लातूरच्या माणसासाठी दोन कार्डांतला खरा फरक कधीकधी तोच असतो. ऑनलाइन घेतलं तर पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढावा. शक्यतो सगळे पार्ट एकाच आठवड्यात घ्यावेत. प्रोसेसर सेलमध्ये आज आणि बोर्ड तीन महिन्यांनी असं केलं, तर प्रोसेसर मुळात चालू आहे का हे कळेपर्यंत बदलून मिळण्याची मुदत उलटून जाते.

जोडणी स्वतः करावी, असं मी आग्रहाने म्हणतो. एक संध्याकाळ लागते आणि स्क्रू ड्रायव्हर एकच पुरतो. सगळ्यात नाजूक क्षण प्रोसेसर बसवण्याचा. एएम५च्या सॉकेटात १७१८ बारीक पिना असतात. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि तो वरून नुसता सोडायचा, बोटाने दाबायचा नाही. त्यानंतर खटका बंद करताना बराच जोर लागतो, प्लास्टिकचं झाकण टक्कन उडतं आणि काहीतरी मोडलं असं वाटतं. ते तसंच असतं. पिन वाकली तर वॉरंटी बहुधा जाते, म्हणून ते काळं झाकण फेकू नका. बोर्ड दुरुस्तीला पाठवताना ते सॉकेटवर लावून पाठवावं लागतं. कॅबिनेटमध्ये बसवण्याआधी बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून प्रोसेसर, कूलर आणि रॅम लावून एकदा सुरू करून बघावा. दोष असेल तर तो तिथेच सापडतो. कूलरच्या तळाची पारदर्शक पट्टी काढायची राहून गेली तर प्रोसेसर लगेच तापतो, तेही तेव्हाच कळतं.

पीसी सुरू झाला की तीन गोष्टी लगेच बघाव्यात. मॉनिटरची केबल मदरबोर्डात नसून ग्राफिक्स कार्डातच लावलेली हवी. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट आपोआप ६० धरला जातो, तो १४४ करावा लागतो. आणि बायोसमध्ये जाऊन रॅमला तिचा छापील वेग देणारी एक्सपो किंवा एक्सएमपी ही सोय सुरू केल्याशिवाय ६००० वेगाची रॅम ४८००वरच चालत राहते. कित्येक घरांत महागडी रॅम आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर वर्षभर कमी वेगाने चालू असतात आणि कोणाला पत्ता नसतो. व्हॅलोरंट खेळायचं असेल तर विंडोज ११वर सिक्युअर बूट आणि टीपीएमही बायोसमध्येच सुरू करावे लागतात. मग कार्ड, बोर्ड आणि एसएमपीएसची खोकी सपाट न करता तशीच माळ्यावर टाकावीत, आणि बिलाचा फोटो घरातल्या दोन फोनांत ठेवावा, कारण थर्मल पेपरवरची छपाई वर्षभरात पुसली जाते.